‘९६ टक्के’ नेमके कशाचे?

प्रश्न: माझं वय २८. उत्पादन क्षेत्रातल्या कंपनीत पाच वर्षं नियोजन आणि खरेदी सांभाळतोय. एका खाजगी विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळालाय, फीमध्ये निम्मी सवलतही आहे. त्यांच्या संकेतस्थळावरचं ओळखीचं पान एव्हाना पाठ झालंय: ९६ टक्के प्लेसमेंट, शंभरावर ऐच्छिक विषय, आंतरराष्ट्रीय संस्थेचं सदस्यत्व, नामवंत प्राध्यापक. पुढे कन्सल्टिंगमध्ये किंवा सप्लाय चेनच्या वरच्या पदावर जायचंय. डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. एवढ्यावर हो म्हणायचं, की आणखी काही बघायचं? — ‘कारखान्यातून बाहेर पाहणारा’

उत्तर: नमस्कार. तुम्ही पाठ केलेल्या पानावर खोटं बहुधा काही नसेल. घोळ वेगळा आहे. तिथे प्रत्येक आकड्याचा अंश छापलाय, छेद छापलेला नाही. तीन आठवड्यांत तुम्हाला एवढंच करायचंय: प्रत्येक ठिकाणचा छेद शोधायचा.

सुरुवात ९६ टक्क्यांपासून करू, कारण तुमचं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच असणार. ओळखीचं पान बाजूला ठेवा आणि त्याच स्कूलचा ‘एम्प्लॉयमेंट रिपोर्ट’ शोधा. हा वेगळा दस्तऐवज असतो, बहुतेकदा पीडीएफ. त्यातला पहिला तक्ता लोक ओलांडून पुढे पगाराकडे जातात; तुम्ही तिथेच थांबा. समजा १२० जण पदवीधर झाले. त्यातल्या १० जणांना त्यांच्या कंपनीनेच पाठवलं होतं, ते परत तिथेच गेले. ६ जणांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला, ४ जण पुढे शिकायला किंवा घरच्या धंद्यात गेले. १२ जणांनी ‘नोकरीचा शोध पुढे ढकलला’. ८ जणांकडून काही कळलंच नाही. हे ४० वजा झाले. उरलेल्या ८० जणांना ‘नोकरी शोधणारे’ म्हणतात आणि टक्केवारी त्यांच्यावर काढतात. त्यातल्या ७७ जणांना पदवीनंतर तीन महिन्यांच्या आत निदान एक ऑफर मिळाली. ७७ भागिले ८०, झाले ९६ टक्के. ऑफर स्वीकारली ७२ जणांनी, म्हणजे ९० टक्के. आणि पदवीच्या दिवशी हातात नोकरी होती ५८ जणांच्या, म्हणजे साडेबहात्तर टक्के. तिन्ही आकडे खरे. पानावर कुठला जातो ते सांगायला नको.

यात लबाडी आहे असं सरसकट म्हणता येत नाही. ‘एमबीए करिअर सर्व्हिसेस अँड एम्प्लॉयर अलायन्स’ नावाच्या संस्थेने आकडे मांडायची पद्धत ठरवून दिलेली आहे. शोधणारे, न शोधणारे आणि माहिती नसलेले असे गट वेगळे दाखवायचे, ऑफर आणि स्वीकार वेगळे दाखवायचे, पदवीच्या वेळचा आणि तीन महिन्यांनंतरचा आकडा वेगळा द्यायचा. तुमच्या स्कूलचा अहवाल ही पद्धत पाळतो का, ते त्यातच लिहिलेलं असतं. पाळत असेल तर वरची वजाबाकी तुम्हाला पाच मिनिटांत करता येईल. गट दाखवलेच नसतील, तर ९६ या आकड्याला काही अर्थ नाही. मी तुमच्या जागी असतो तर ‘शोध पुढे ढकलला’ आणि ‘माहिती नाही’ या दोन ओळींची बेरीज एकूण बॅचच्या किती टक्के होते ते आधी पाहिलं असतं. वरच्या उदाहरणात ती २० आहे, १२० पैकी, सहातला एक. ज्याला चांगली नोकरी लागलीय तो सहसा ते लपवून ठेवत नाही.

मग पगार. सरासरी देतात की मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), हे बघा. दहा जणांत नऊ जणांना १० आणि एकाला ६० मिळाले तर सरासरी १५ येते, मध्यक १० राहतो. आणि १५ तर कुणालाच मिळालेले नसतात. मध्यक दिला असेल तरी त्याच्या शेजारी किंवा तळटीपेत किती जणांनी पगार कळवला हे असतं. ७२ पैकी ५४ जणांनी कळवला असेल तर तो मध्यक १२० जणांच्या बॅचमधल्या ४५ टक्के लोकांचा आहे. शिवाय मूळ पगार, जॉइनिंग बोनस आणि कामगिरीवर मिळणारा बोनस एकत्र करून ‘पॅकेज’ म्हणून छापला असेल, तर मूळ पगाराचा आकडा स्वतंत्र मागा. कर्जाचा हप्ता त्यावरच फिटणार आहे. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाच्या ओळी पुढे असतात. उद्योगानुसार आणि कामाच्या स्वरूपानुसार विभागणी बघा. कन्सल्टिंगला किती गेले, ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनला किती. नोकरी स्कूलमार्फत मिळाली की विद्यार्थ्याने स्वतः मिळवली, याचाही एक तक्ता बऱ्याच अहवालांत असतो. कन्सल्टिंगमध्ये १५ जण गेले असं दिसलं तर हुरळून जाऊ नका; त्यातले किती जण आधीपासूनच कन्सल्टिंगमध्ये होते, आणि किती जण त्यांच्याच कंपनीने पाठवलेले होते? कारखान्यातून तिकडे गेलेला एक माणूस तुमच्या दृष्टीने त्या पंधरांपेक्षा उपयोगाचा. अशा दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलणं करून द्या, असं प्रवेश कार्यालयाला स्पष्ट सांगा. एकही सापडला नाही, तर तेच उत्तर समजा.

आता करिअर ऑफिस. एमबीएचे १२० विद्यार्थी आणि सहा सल्लागार, म्हणजे एकामागे वीस, असं वाटतं. पण एका बिझनेस स्कूलच्या छपराखाली एकटं एमबीए नसतं. एक वर्षाचे फायनान्स, ॲनालिटिक्स, मार्केटिंगचे मास्टर्स, नोकरी सांभाळून करायचं एमबीए, ऑनलाइन एमबीए, एक्झिक्युटिव्ह एमबीए, पीएचडी, आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठीचे छोटे अभ्यासक्रम असं सगळं असतं. ते सहा सल्लागार मास्टर्सच्या आणखी ४०० विद्यार्थ्यांनाही सांभाळत असतील, तर एकामागे ८७ होतात. हे का घडतं तेही लक्षात घ्या. खाजगी विद्यापीठाच्या स्कूलचं उत्पन्न मुख्यतः फी, देणग्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातून येतं, आणि त्यातला वाटा अनेक ठिकाणी मध्यवर्ती विद्यापीठाला द्यावा लागतो. पैशाची ओढाताण झाली की नवा मास्टर्स सुरू करणं हा डीनसाठी सोपा मार्ग. वर्गखोल्या, प्राध्यापक आणि करिअर ऑफिस मात्र तेच राहतात. म्हणून विचारायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत किती नवे अभ्यासक्रम सुरू झाले, आणि करिअर ऑफिसमध्ये किती माणसं वाढली?

याच ऑफिसशी जोडलेली एक गोष्ट, जी दोन वर्षांच्या एमबीएला जाणाऱ्यांना फार उशिरा कळते. नोकरी दुसऱ्या वर्षात शोधायची असते, असं समजून लोक निवांत येतात. खरी शर्यत असते ती दोन वर्षांच्या मधल्या सुटीतल्या इंटर्नशिपची. ती साधारण १० ते १२ आठवड्यांची असते आणि मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या आपली बरीचशी भरती त्यातूनच करतात. तिच्यासाठीच्या कंपन्यांच्या भेटीगाठी पहिल्या सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतात. अकाउंटिंगची पहिली चाचणी आणि पहिली नेटवर्किंगची संध्याकाळ एकाच आठवड्यात आली तर नवल नाही. त्यामुळे जायचं ठरलंच, तर तीन कामं वर्ग सुरू होण्याआधी उरका. एक पानी रेझ्युमे, ज्यात ‘खरेदी विभाग सांभाळला’ असं न लिहिता किती पुरवठादार, किती रकमेची खरेदी, साठा किती दिवसांवरून किती दिवसांवर आणला, हे आकडे असतील. नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक एकमेकांत कसे गुंततात, ते वाचण्याइतकं अकाउंटिंग. आणि कन्सल्टिंगसाठी केस मुलाखतीचा सराव (तिथे एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवून ती कशी सोडवाल ते विचारतात), मोठ्याने बोलून, समोर माणूस बसवून. मनातल्या मनात केलेला सराव मुलाखतीत कामाला येत नाही. हे तिसरं काम महिनाभर तरी घेतं.

अभ्यासक्रमाचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच. पहिल्या वर्षी सक्तीचे विषय: अकाउंटिंग, सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग, कॉर्पोरेट फायनान्स, ऑपरेशन्स, संघटनात्मक वर्तन, स्ट्रॅटेजी. मग ऐच्छिक. अपवाद आहेत; शिकागो विद्यापीठाच्या बूथ स्कूलमध्ये सक्तीचा म्हणावा असा नेतृत्वाचा एकच कोर्स असतो, बाकी निवडीने. तुम्ही ऑपरेशन्स कोळून प्यायलेले आहात, तेव्हा सूट परीक्षा देऊन तो विषय टाळता येतो का ते विचारा, आणि पुढचाही प्रश्न विचारा: सूट मिळाल्यावर तेवढी क्रेडिट्स आणि फी कमी होते, की त्याजागी दुसरा विषय घ्यावा लागतो? बहुधा दुसरं. तेही वाईट नाही, पण आधी माहीत असावं.

‘शंभरावर ऐच्छिक विषय’ हा कॅटलॉगचा आकडा. कॅटलॉगमध्ये विषय एकदा शिरला की सहजासहजी निघत नाही; शिकवणारा निवृत्त झाला तरी नाव तिथेच. तुम्हाला हवं असतं ते गेल्या दोन सत्रांचं वेळापत्रक. सप्लाय चेन, प्रायसिंग, निगोशिएशन हे तुमच्या उपयोगाचे विषय त्यात आहेत का, किती तुकड्या होत्या, एका तुकडीत किती जागा. निगोशिएशनचंच बघा. हा विषय जोड्या पाडून, भूमिका वाटून शिकवतात, म्हणून तुकडी लहान ठेवावी लागते. आणि मागणी तर सगळ्यांची. अशा विषयांच्या जागा कित्येक स्कूलमध्ये पॉइंटच्या लिलावाने जातात. ठरावीक पॉइंट मिळतात, त्यातून बोली लावायची. अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलने लिलाव सोडून २०१३ मध्ये ‘कोर्स मॅच’ आणलं, ज्यात विद्यार्थी आपल्या पसंतीचे आकडे भरतात आणि वाटप संगणक करतो. पद्धत कुठलीही असो, गेल्या वर्षीचे बंद भाव (किती पॉइंटला शेवटची जागा गेली) किंवा प्रतीक्षा यादीची लांबी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून काढून घ्या. आणखी एक खोच: पूर्वअट. व्हॅल्युएशनला (कंपनीचं मूल्य काढायच्या विषयाला) बसायला आधी कॉर्पोरेट फायनान्स लागतं, आणि ते दुसऱ्या सत्रात असेल तर व्हॅल्युएशन न शिकताच इंटर्नशिपला जावं लागेल.

प्राध्यापकांच्या बाबतीत थोडा इतिहास कामाचा आहे. डार्टमथमधलं टक स्कूल १९०० मध्ये पदव्युत्तर व्यवस्थापन शिक्षण द्यायला लागलं, हार्वर्डने १९०८ मध्ये एमबीए सुरू केलं. सुरुवातीच्या काळात शिकवणं बरंचसं व्यवहाराच्या अंगाने चाले. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पैशाने झालेले दोन अहवाल आले आणि त्यांनी बिझनेस स्कूलवर ‘इथे शास्त्र कुठे आहे?’ अशी टीका केली. तेव्हापासून प्राध्यापकाची बढती मुख्यतः संशोधनावर ठरते. परिणाम आजही वर्गात दिसतो. नामवंत प्राध्यापक उत्तम शिकवेल याची खात्री नाही, आणि तो तुमच्याच वर्गावर येईल याची तर मुळीच नाही. तो पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिकवत असेल, अधिकाऱ्यांच्या महागड्या वर्गांवर असेल, किंवा वर्षभराच्या रजेवर. उलट ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून आलेली, वीस वर्षं उद्योगात काढलेली व्यक्ती स्ट्रॅटेजी झकास शिकवून जाते. म्हणून ‘एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी’ या गुणोत्तरात वेळ घालवू नका. त्यात पदवीच्या वर्गांवरचे, अर्धवेळ असे सगळेच मोजलेले असू शकतात. पहिल्या सत्रातले चार सक्तीचे विषय या वर्षी कोण शिकवणार, त्यांची नावं मागा. आणि विद्यार्थ्यांनी दिलेले अभिप्राय दाखवतात का, ते विचारा.

‘सदस्यत्व’ हा शब्द वाचून मात्र सावध व्हा. जगात बिझनेस स्कूलसाठी अधिस्वीकृती देणाऱ्या तीन मोठ्या संस्था आहेत: अमेरिकेत १९१६ मध्ये स्थापन झालेली एएसीएसबी, युरोपातल्या ईएफएमडीची इक्विस, आणि लंडनची एएमबीए. पहिल्या दोन संपूर्ण स्कूल तपासतात, तिसरी एमबीएसारखे ठरावीक अभ्यासक्रम तपासते. फी भरून सदस्य होणं आणि तपासणीतून जाऊन अधिस्वीकृती मिळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानावर बोधचिन्ह असेल आणि खाली बारीक अक्षरात ‘सदस्य’ किंवा ‘प्रक्रिया सुरू’ असं असेल, तर अधिस्वीकृती नाही. स्कूलच्या पानावर विसंबू नका. तिन्ही संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर याद्या आहेत, तिथे नाव शोधा. विद्यापीठाला सरकारी मान्यता आहे का, हा पुन्हा तिसराच प्रश्न. तिन्हीपैकी एकही अधिस्वीकृती नसली म्हणजे स्कूल टाकाऊ, असंही नाही. पण नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवणारा आणखी काय काय दाखवत असेल?

क्रमवारीबद्दल थोडक्यात. फायनान्शियल टाइम्सची जागतिक एमबीए क्रमवारी पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्यांना विचारून होते, म्हणजे आज दिसतो तो बऱ्याच आधीच्या बॅचचा निकाल. आणि बाकीचे बरेचसे आकडे स्कूलच पुरवतं. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलने ऑनलाइन एमबीएच्या सगळ्या नव्या विद्यार्थ्यांनी जीमॅट ही प्रवेश परीक्षा दिल्याचं क्रमवारीसाठी कळवलं होतं. प्रत्यक्षात सुमारे पाचातल्या एकानेच दिली होती. प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं, माजी डीन २०२१ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना १४ महिन्यांची कैद झाली. जीमॅटवरून आठवलं: बॅचच्या माहितीत सरासरी गुण बघत असाल तर जुन्या जीमॅटचे की नव्या, ते पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या परीक्षेचे गुण २०५ ते ८०५ असतात आणि शेवटी नेहमी ५ येतो. तिथले ६४५ म्हणजे जुन्या परीक्षेतले साधारण ७००.

आता पैसे. तुमची सवलत दोन्ही वर्षांची आहे की पहिल्याच वर्षाची, ते पत्रात नीट वाचा. दोन्ही वर्षांची असेल तर टिकवायची अट काय? कित्येक स्कूलमध्ये सक्तीच्या विषयांचे गुण वक्रावर देतात, म्हणजे वर्गाची सरासरी आधीच ठरलेली असते. ती ४ पैकी ३.३ वर बांधलेली असेल आणि सवलत टिकवायला ३.३ च लागत असेल, तर साधारण निम्मा वर्ग सवलत गमावणार हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेलं आहे. गेल्या वर्षी सवलत मिळालेल्यांपैकी कितींची दुसऱ्या वर्षी चालू राहिली, हा प्रश्न लेखी विचारा.

एकूण खर्च मांडताना एक चूक सर्रास होते: सुटलेला पगारही धरायचा आणि राहण्या-जेवण्याचा पूर्ण खर्चही धरायचा. राहायला-जेवायला तुम्हाला आत्ताही लागतंच, आणि ते त्याच पगारातून जातं. म्हणून आत्तापेक्षा जास्त लागेल तेवढाच धरा. तुमचा सध्याचा वार्षिक पगार १ माना. समजा सवलतीनंतर दोन वर्षांची फी ३, राहण्याचा जादा खर्च ०.७, सुटलेला पगार २, इंटर्नशिपचं उत्पन्न वजा ०.३. एकूण ५.४. नोकरी सोडली नसती तर दोन वर्षांनी पगार १.२ झाला असता असं धरू. एमबीएनंतर २.५ मिळाले तर फरक १.३, आणि कर व व्याज सोडून खर्च भरून यायला चार वर्षांहून थोडं जास्त लागेल. पण १.८ च मिळाले तर फरक ०.६ आणि नऊ वर्षं. स्वतःचे आकडे घालून हे दोनदा करा, एकदा अहवालातल्या मध्यकावर आणि एकदा खालच्या पाव भागाच्या आकड्यावर (ज्याच्याहून कमी पगार पाव बॅचला मिळतो). दुसरं उत्तर पचत असेल तरच कर्जाच्या कागदावर सही करा.

पत्र असं लिहा, फापटपसारा नको: “प्रवेशाबद्दल आभार. निर्णयापूर्वी पुढील माहिती हवी आहे. गेल्या दोन बॅचचा सविस्तर एम्प्लॉयमेंट रिपोर्ट, नोकरी न शोधणाऱ्यांच्या आणि माहिती न मिळालेल्यांच्या संख्येसह. गेल्या दोन सत्रांचं ऐच्छिक विषयांचं वेळापत्रक. पहिल्या सत्रातल्या सक्तीच्या विषयांचे शिक्षक. करिअर सल्लागारांची संख्या आणि ते कोणकोणते अभ्यासक्रम पाहतात. शिष्यवृत्ती चालू राहण्याची अट आणि गेल्या वर्षी ती टिकवलेल्यांचं प्रमाण. उत्पादन क्षेत्रातून कन्सल्टिंगमध्ये गेलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी संपर्क.” पहिल्याच आठवड्यात पाठवा. दुसऱ्या आठवड्यात वर्गात एक दिवस बसून या, प्रत्यक्ष जमत नसेल तर ऑनलाइन. वर्गात केसवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या उदाहरणावर, चर्चा चालू असताना किती जण तयारी करून आलेत, ते वीस मिनिटांत कळतं.

डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, आणि एक वर्ष प्रवेश पुढे ढकलायला परवानगी दिली तरी शिष्यवृत्ती त्यासोबत पुढे जाईलच असं नाही. दोन्ही गोष्टींचं उत्तर फोनवर नको, मेलवर घ्या. उत्तरं यायला उशीर झाला तर मुदत आठवडाभर वाढवून मागा. जागा भरायची त्यांनाही असते, बहुतेकदा देतात.